कॉपीराइटच्या नावाखाली तुम्हाला काय सोसावं लागलं? अनुभव लिहा

पहाटपाऊस
मी पुस्तकं विकत घेते, गाणी पैसे भरून ऐकते. लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही माझ्यासोबत जे झालं त्याने मी फार दुखावले, म्हणून हा धागा काढतेय.

पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मी रेकॉर्ड करून माझ्या व्हिडिओ चॅनेलवर टाकला होता. पहाटे साडेतीनला उठून, वारा लागू नये म्हणून माइकभोवती जुना मोजा गुंडाळून, एक तास चाळीस मिनिटं. मध्येच पाऊस ओसरतो आणि एकच बेडूक दोनदा ओरडतो. झोप न येणारे कितीतरी लोक ते लावून झोपायचे. सात महिन्यांनी ईमेल आली: सदतिसाव्या मिनिटापासून तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं ध्वनिमुद्रण आहे. कुणीतरी पावसाच्या आवाजांचा अल्बम नोंदवून ठेवला होता आणि आवाज आपोआप जुळवून बघणाऱ्या यंत्राला दोन पाऊस सारखे वाटले. त्या दिवसापासून जाहिरातींचे पैसे त्याच्या नावे जमा व्हायला लागले.

मी हरकत घेतली. तिला उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत, आणि ते उत्तर देणार कोण, तर ज्याने दावा ठोकला तोच! एकोणतिसाव्या दिवशी त्याने 'दावा कायम' असं कळवलं. पुढे अपील करून हरले असते तर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, आणि तीन स्ट्राइक झाले की चॅनेलच बंद. माझी मूळ फाइल आहे, तारीख आहे, पण ती बघायला तिकडे माणूसच नाही. शेवटी सदतिसाव्या मिनिटानंतरचा भाग मी कापून टाकला. बेडूक त्याच भागात होता.

तुमच्यासोबत असं काही झालं असेल तर जरूर लिहा. सविस्तर लिहा.

डावा_हात
मी पियानो शिकतो. जुना जर्मन संगीतकार बाख, त्याचा एक तुकडा वाजवून इंटरनेटवर टाकला, तासाभरात आवाज बंद. बाख १७५० साली गेला. त्याच्या रचनेवर आज कुणाचाच हक्क नाही. हक्क असतो तो फक्त कुणा वादकाच्या ध्वनिमुद्रणावर. पण स्वर तेच आणि लय तीच असेल तर यंत्राला माझी बोटं आणि त्या वादकाची बोटं वेगळी कशी कळणार? जेम्स ऱ्होड्स या नामवंत पियानोवादकावरही २०१८ मध्ये हीच वेळ आली होती. त्याने आरडाओरडा केला, लोक त्याच्या बाजूने बोलले आणि दावा मागे घेतला गेला. माझ्या बाजूने आरडाओरडा करणार कोण? माझे श्रोते एकूण चाळीस.

तिसरा_तास
शिक्षिका आहे. कॅमेऱ्याचा कोन शिकवायला चित्रपटातला अकरा सेकंदांचा तुकडा घेतला होता. माझा पूर्ण तासच काढून टाकला. समीक्षेसाठी, शिकवण्यासाठी छोटा अंश वापरायची मुभा बहुतेक देशांच्या कायद्यात आहे. पण ती मुभा ओळखायला संदर्भ कळावा लागतो, आणि यंत्राला फक्त जुळणी कळते.

कानाने_वाचणारी
मला दिसत नाही. स्क्रीन रीडर मजकूर बोलून दाखवतो आणि मी ऐकते, हेच माझं वाचन. गेल्या वर्षी एक ई-पुस्तक घेतलं. पैसे भरले, पुस्तक उघडलं आणि फोन फक्त 'पान एक' म्हणाला. पुढे सरकवलं, 'पान दोन'. मजकूर आहे, पण कॉपी होऊ नये म्हणून त्यावर डीआरएमचं कुलूप घातलंय, आणि ते कुलूप माझ्या स्क्रीन रीडरलाही चोरच समजतं. बहीण मला तेच पुस्तक वाचून दाखवू शकते, माझा फोन नाही. मी जवळपास तासभर पानं सरकवत बसले होते, कुठेतरी एखादं वाक्य सापडेल म्हणून.

अंध वाचकांसाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला, ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागूही झाला. आमच्यासाठी सुलभ प्रती करायला आणि त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला त्याने वाट करून दिली. मी त्या लोकांची ऋणी आहे. पण मी विकत घेतलेल्या प्रतीचं कुलूप काही त्याने आपोआप निघत नाही. शेवटी मी काय केलं ते लपवत नाही. त्याच पुस्तकाची चोरलेली प्रत उतरवून घेतली. ती पहिल्या ओळीपासून बोलायला लागली.

दुसरी_आवृत्ती
कानाने_वाचणारी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मी लेखक आहे आणि माझ्याही ई-पुस्तकावर असंच कुलूप होतं.

आधी माझी बाजू सांगतो. चार वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक आलं आणि आठव्या दिवशी त्याची पीडीएफ फिरायला लागली. ओळखीच्या माणसानेच मला ती 'वाचा, छान आहे' म्हणून पाठवली. पोटात कालवणं काय असतं ते तेव्हा कळलं. इथे कुणी पायरसीला किरकोळ म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

प्रकाशकांनी एक एजन्सी नेमली. ती पुस्तकाचं नाव शोधून 'मजकूर काढा' अशा धडाधड नोटिसा पाठवायची. चोरांचा एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या दिवशी नवा उघडायचा. उडालं काय, तर एका वाचकाने मनापासून लिहिलेलं परीक्षण, आणि पहिलं प्रकरण मोफत वाचायला ठेवलेलं माझं स्वतःचं पान. म्हणजे माझ्याच नावाने माझ्यावरच नोटीस! अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली 'हे चुकून काढलंय' अशी प्रतिनोटीस देता येते, पण त्यानंतरही मजकूर परत यायला १० ते १४ कामकाजाचे दिवस लागतात. नोटीस पाठवली की मजकूर तातडीने खाली येतो, परत यायला दोन ते तीन आठवडे. नवं पुस्तक चर्चेत असतं तेच मुळी दोन-तीन आठवडे.

त्या काळात कुलपाबद्दल मला सव्वीस तक्रारी आल्या. सगळ्या विकत घेणाऱ्यांच्या. चोरून वाचणाऱ्याची एकही नव्हती, कारण त्याच्या प्रतीला कुलूपच नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीला मी कुलूप काढायला लावलं. त्यासाठी प्रकाशकांशी तीन महिने भांडलो.

पहाटपाऊस
दुसरी_आवृत्ती, हे मोकळेपणाने लिहिलंत, फार बरं वाटलं. युरोपियन कमिशनने ३,६०,००० युरो खर्चून एक अभ्यास करून घेतला होता. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला, लोकांसमोर आला थेट २०१७ मध्ये. नवे गाजणारे चित्रपट सोडले तर पायरसीने विक्री घटते याचा ठोस संख्याशास्त्रीय पुरावा त्यात मिळाला नव्हता. नुकसान होतच नाही असं त्याने सिद्ध होत नाही. पण ज्या नुकसानीपायी आपण सगळे हे सोसतोय, तिचा हिशोब वेळेवर समोर ठेवायला हवा होता.

समासातल्या_टिपा
ज्या ऑनलाइन दुकानातून माझी ई-पुस्तकं घेतली होती ते बंद पडलं आणि एकशे बारा पुस्तकं एका दिवसात गेली. खरेदी नव्हतीच म्हणे ती, परवाना होता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने असंच दुकान बंद केलं तेव्हा निदान पैसे परत दिले. मला तेही नाहीत. पैशांपेक्षा आजारपणात लिहिलेल्या टिपा गेल्या, त्याचं जास्त लागलं.

जुनी_टेप
मी ध्वनिसंग्रहात काम करते. आमच्याकडे एका लोककथा सांगणाऱ्या बाईंची नऊ रिळं आहेत. मुद्रण करणारी संस्था बुडाली, बाईंचे वारस सापडत नाहीत. लेखी परवानगीशिवाय आमचे वकील ऐकवू देत नाहीत, आणि लेखनाचा हक्क बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो, कित्येक देशांत ७०. तेवढा वेळ अ‍ॅसिटेटच्या टेपकडे नसतो. खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो, मग ती आक्रसते, वाकते. मी वारसांना पाच पत्रं पाठवली, पाचही परत आली. सोमवारी सातव्या रिळाचा डबा उघडला, वास आला. संग्रहापुरती प्रत करून ठेवलीय, हेडफोन लावून मी एकटीने ऐकली. बाई गोष्ट सांगता सांगता थांबतात आणि समोरच्या मुलांना विचारतात, 'झोपलात का रे?'