रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट: पहिल्या सहा आठवड्यांत नेमकं काय जपायचं?

बीपीटीएच_तिसरं_वर्ष: अ‍ॅनाटॉमिक (गोळा-वाटी मूळच्याच जागी) असो वा रिव्हर्स (गोळा-वाटी उलट), स्लिंग (हाताची झोळी) साधारण ४ ते ६ आठवडेच. मग प्रोटोकॉल वेगळा का? आणि रिव्हर्समध्ये हात पाठीमागे न्यायला एवढी बंदी कशासाठी?

खांदाफिजिओ: आधी ऑपरेशन नोट वाचा, प्रोटोकॉल नंतर.

अ‍ॅनाटॉमिकमध्ये सांध्यात शिरायला सबस्कॅप्युलॅरिस (खांद्याच्या पुढचा, हात आत फिरवणारा स्नायू) सोडवून परत जोडलेला असतो. जपायचा तो जोड. म्हणून सहा आठवडे जोर लावून इंटर्नल रोटेशन (हात आत फिरवणं) नाही, आणि पॅसिव्ह (त्या हाताचा स्वतःचा जोर न लावता) एक्स्टर्नल रोटेशन (हात बाहेर फिरवणं) साधारण ३० अंशांपर्यंत. सर्जनने वेगळी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळायची.

रिव्हर्समध्ये गोळा ग्लेनॉइडवर (खांद्याच्या फऱ्याच्या वाटीच्या जागी), वाटी ह्यूमरसवर (दंडाच्या हाडावर). फ्रान्समध्ये पॉल ग्रामों यांनी १९८०च्या दशकात हीच कल्पना रुजवली: फिरण्याचं केंद्र आत आणि खाली न्यायचं. त्याने डेल्टॉइडची (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूची) तरफ वाढते, कफ (सांध्याभोवतीचे छोटे स्नायू) गेलेला असला तरी हात वर जातो. पण सांधा निखळतो तो एक्स्टेन्शन (हात मागे जाणं), अ‍ॅडक्शन (हात अंगाकडे येणं) आणि इंटर्नल रोटेशन एकत्र आले की. शर्ट मागे खोचणं, नऊवारीचा काष्टा घालणं, मागच्या खिशातलं पाकीट काढणं, जमिनीवर हात टेकून उठणं, सगळं त्यातच येतं. ही बंदी स्लिंग सुटली म्हणून सुटत नाही, बहुतेक ठिकाणी १२ आठवडे चालते.

ओपीडी_ताई: उताणं झोपवताना कोपराखाली टॉवेलची घडी हवीच, नाहीतर हात आपोआप एक्स्टेन्शनमध्ये पडतो. पेशंटला सोपं सांगायचं: कोपर कायम तुमच्या नजरेत राहिलं पाहिजे.

सहाव्या आठवड्यानंतर अ‍ॅक्टिव्ह एलिव्हेशन (स्वतःच्या जोराने हात वर उचलणं) आधी उताणं, मग पाठ ३०-४५ अंश उचलून, शेवटी बसून, तेही स्कॅप्युलर प्लेनमध्ये (हात सरळ बाजूला नाही, किंचित पुढे ठेवून). खांदा कानाकडे चढायला लागला की एक पायरी मागे. तिथे डंबेल देणं म्हणजे ट्रॅपेझियसचा (मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूचा) व्यायाम!

बीपीटीएच_तिसरं_वर्ष: छान चाललेल्या पेशंटला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अचानक वरच्या बाजूला दुखलं तर? लोड कमी करून चालू ठेवायचं का?

खांदाफिजिओ: नाही. अ‍ॅक्रोमिअन (खांद्याचं वरचं हाडाचं टोक) आणि स्कॅप्युलाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या) स्पाइनवर (उभारलेल्या कडेवर) बोटाने दाबून बघा. हाडावरच नेमकं दुखत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर धरून चाला, डेल्टॉइडवरचा भार त्याच दिवशी बंद आणि सर्जनला फोन. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, असं फ्रॅक्चर कधीकधी सीटीतच दिसतं. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांमध्ये तर विशेष लक्ष ठेवा.

ओपीडी_ताई: आणि एक्स्टर्नल रोटेशन येत नाही म्हणून ताणत बसू नका. पॅसिव्ह येतंय पण अ‍ॅक्टिव्ह येत नाही, तर टेरेस मायनर (हात बाहेर फिरवणारा कफचा स्नायू) शाबूत आहे का ते नोटमध्ये बघा.