माकडताप: तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह, पुढे काय?

प्रश्न: दोडामार्गचा काजूबागायतदार, तापाचा तिसरा दिवस, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी, आयजीएम (विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं) निगेटिव्ह. माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप, केएफडी) नाही असं धरायचं का?

उत्तर १: मुळीच नाही, डॉक्टर. आयजीएम साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतं. त्याआधी विषाणू रक्तात भरपूर असतो, म्हणून आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी चाचणी) करा. नमुना २ ते ८ अंशांत पाठवा. वाटेत तापला तर आरएनए तुटतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

उत्तर २: ताप उतरला म्हणून लक्ष काढू नका! १० ते २० टक्के पेशंटना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप चढतो. सोबत डोकेदुखी, ताठ मान, हातांना कंप. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा, रक्तस्राव वाढतो.