मुलीला निम्माच हिस्सा का? आधी तो निम्मा तरी द्या!

गोदाकाठ
आमच्या परभणीकडं मुस्लिम बायकांचा विषय निघाला की गाडी तलाक नि बुरख्यावरच अडते. सातबाऱ्यावर कुणी येत नाही. कुराणातल्या सूरह निसाच्या ११व्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका हिस्सा सांगितलाय. पण तो निम्मा तरी मिळतो का? बाप गेला, चाळिसावं झालं की बहिणीला गोडीगोडीनं बोलावतात, नवे कपडे करतात आणि दुय्यम निबंधकाकडं नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात.

मोमीनपुरा
भाई, बहिणी राजीखुशीनं सोडतात. त्यांचा खर्च नवऱ्यावर, निकाहात नवऱ्यानं द्यायचा मेहेर त्यांचाच. भावाला आई, बायको, पोरं सगळं ओढायचंय, म्हणून दुप्पट. आणि हक्कसोड काय आमच्यातच होतं? वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं हिंदू लेकींना बरोबरीचा हक्क मिळाला. तुमच्या गल्लीत किती जणींनी घेतला?

लातूरची लेक
राजीखुशी म्हणे! हिस्सा मागितला की माहेरचा फोनसुद्धा येत नाही. खर्च नवऱ्यावर? सोयाबीन खुरपायला उन्हात कोण असतं, जाऊन बघा. मेहेर निकाहनाम्यात असतो, हातात किती जणींच्या पडतो? मला निम्मा नकोच, सारखा पाहिजे. तुर्कस्तानानं १९२६लाच केलाय.

मोमीनपुरा
त्यांनी शरियत सोडून स्वित्झर्लंडचा कायदा उचलला. ट्युनिशियात २०१८ला राष्ट्राध्यक्षांनी समान वाट्याची घोषणा केली, कायदा काही झाला नाही. आयत स्पष्ट आहे, ताई.

काळा कोट
तुम्ही रानावरून भांडताय, पण १९३७च्या शरियत कायद्याच्या कलम २मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. घर-प्लॉटचं वेगळं, रानाचं वेगळं, वकिलांची चंगळ. बापाला खरंच द्यायचं असेल तर हयातीत हिबा म्हणजे बक्षीस करावा, ताबा द्यावा. वसियतीच्या, म्हणजे मृत्युपत्राच्या, भरवशावर राहू नका, सुन्नींत एका वारसाला वसियतीनं द्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते. केरळात २०२३च्या महिलादिनी एका वकिलानं आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. कारण, तीन मुलीच, नि त्या कायद्याखालच्या लग्नात वारसा शरियतनं ठरत नाही.

लातूरची लेक
म्हणजे लेकीला द्यायचं तर बापानं पुन्हा बोहल्यावर चढायचं!

गोदाकाठ
मोमीनपुरा, सारख्या हिश्श्यावर ताईशी नंतर भांडा. पुढच्या जुम्म्याला मौलानांना ११व्या आयतीवर बयान, म्हणजे प्रवचन, करायला लावता का? हक्कसोडाचं नाव घेऊन.

मोमीनपुरा
सांगून बघतो. पण नमाजाच्या पहिल्या सफेत, म्हणजे रांगेत, बसणाऱ्या निम्म्यांनी बहिणींच्या सह्या घेतल्यात, आणि मशिदीचा चंदाही तेच देतात.