टी४८० लॅपटॉपवरचा बोटाच्या ठशाचा सेन्सर लिनक्सवर चालवला. खटाटोप वाया गेला का?

टर्मिनलवेडा:
सेकंडहँड थिंकपॅड टी४८० घेतला, विंडोज पुसून उबंटू लिनक्स टाकलं. वायफाय, ब्लूटूथ, कीबोर्डवरचा दिवा, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. फक्त टचपॅडशेजारचा ठशाचा चौकोन नुसता शोभेला. सेटिंग्जमध्ये त्याचा पर्यायच दिसेना. एलएसयूएसबी (यूएसबीवर काय काय जोडलंय ते दाखवणारा आदेश) चालवून पाहिलं तर सिनॅप्टिक्स कंपनीचा सेन्सर, आयडी ०६सीबी:००९ए. म्हणजे स्वारी यूएसबीवर हजर होती, पण लिबएफप्रिंटच्या, म्हणजे लिनक्सवर ठशाचे सेन्सर चालवणाऱ्या लायब्ररीच्या, यादीत तिचं नाव नव्हतं.

जिथे विचारावं तिथे एकच उत्तर, "सपोर्ट नाही, नाद सोड." मी सोडला नाही. कुणीतरी विंडोजच्या ड्रायव्हरचं सेन्सरशी चालणारं बोलणं उलगडून पायथन-व्हॅलिडिटी नावाचा प्रकल्प करून ठेवलाय. तो टाकला, तर बोट नोंदवायच्या आधीच एरर. सेन्सरची जुन्या विंडोजशी बांधलेली गाठ सुटलेलीच नव्हती. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन 'रीसेट फिंगरप्रिंट डेटा' केलं आणि एफप्रिंटडी-एनरोल, म्हणजे बोट नोंदवायचा आदेश, सुरळीत पार पडलं. मग पॅममध्ये (लिनक्सची ओळख तपासणारी व्यवस्था) ठशाच्या पर्यायावर खूण केली. एकूण दोन संध्याकाळी गेल्या. आता सुडोला (प्रशासकाच्या अधिकाराने आदेश चालवताना) बोट लावतो.

माझं म्हणणं एवढंच: पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा एक भाग कंपनीने कागद दिले नाहीत म्हणून मेलेला का मानायचा?

कर्नल_पॅनिक:
अभिनंदन, पण असहमत. हिशोब पुरता मांडा. रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालणारा, हौशी माणसाने लिहिलेला पायथन प्रोग्राम तुम्ही थेट लॉगिनच्या वाटेवर बसवलाय. तो सेन्सरमध्ये जे फर्मवेअर (सेन्सरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरतो ते लेनोव्होच्या विंडोज ड्रायव्हरमधून काढलेलं, म्हणजे कोड न दाखवणारं, बंदच. मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा हातात आणि पोटात तोच बंद डबा!

ठशाची सोय हवीच असेल तर घेतानाच बघून घ्या. सिनॅप्टिक्स आणि गुडिक्स या दोन्ही सेन्सर कंपन्यांनी पुढच्या काही सेन्सरांसाठी लिबएफप्रिंटला स्वतः ड्रायव्हर दिलेत. असं यंत्र घेतलं की हे काम कंपनीच्या गळ्यात पडतं. तुम्ही जुगाड केला की तिला वाटतं, बघा, आपल्यावाचून भागतंय.

टर्मिनलवेडा:
"घेताना बघून घ्या" हे नवीन लॅपटॉप घेणाऱ्याला सांगा हो. सेकंडहँडच्या दुकानात जे टेबलावर असतं ते घ्यावं लागतं. दुकानदाराला सेन्सरचा आयडी विचारला तर तो मला दाराकडे बोट दाखवेल.

पुणेरी_पिन:
कर्नलसाहेबांनी मुख्य मुद्दा सोडला. हा सेन्सर ठसे स्वतःच्या पोटात ठेवतो आणि जुळवणीही तिथेच करतो. यंत्राला फक्त 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं' एवढंच कळतं, तेही कूटबद्ध संभाषणातून. पण त्या संभाषणाची किल्ली कशातून निघते? यंत्राचं मॉडेलनाव आणि सिरीयल नंबर. सिरीयल नंबर लॅपटॉपच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो! पायथन-व्हॅलिडिटीचा कोड उघडून बघा, सरळ डीएमआयमधून, म्हणजे यंत्राने स्वतःबद्दल ठेवलेल्या माहितीतून, या दोन गोष्टी वाचतो. कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली.

टर्मिनलवेडा:
बरोबर, पण ते पायपुसणं कुणी टाकलं? पायथनवाल्याने नाही, मूळ ड्रायव्हरनेच. २०२३ साली ब्लॅकविंग इंटेलिजन्स या सुरक्षा कंपनीने मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यावरून तीन लॅपटॉपचे सेन्सर तपासले आणि तिन्हींवर विंडोज हॅलो (विंडोजचं ठशा-चेहऱ्याने होणारं लॉगिन) चकवून दाखवलं. त्यातल्या थिंकपॅडवर हाच प्रकार निघाला, मॉडेलनाव अधिक सिरीयल नंबर. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसच्या कीबोर्डमधला एलान कंपनीचा सेन्सर तर यूएसबीवर कूटबद्ध न करता, उघड्याने बोलत होता. तेव्हा विंडोजवर भक्कम आणि लिनक्सवर ठिसूळ असं काही नाही. फरक इतकाच की इथे तुम्हाला ते वाचता आलं.

कर्नल_पॅनिक:
त्याच तपासणीतला डेल विसरलात. तिथे गुडिक्सच्या सेन्सरमध्ये विंडोज आणि लिनक्ससाठी ठशांच्या दोन वेगळ्या वह्या होत्या. हल्लेखोराने लिनक्समधून स्वतःचं बोट मालकाच्या क्रमांकावर नोंदवलं आणि सेन्सरला लिनक्सची वही उघडायला लावली. विंडोज खुशाल आत घेऊन गेलं. म्हणजे 'वाचता आलं'चा फायदा दोन्ही बाजूंना होतो. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटं दहाच आहेत.

अर्धवट_ड्रायव्हर:
टर्मिनलवेडांना वाट तयार मिळाली म्हणून दोन संध्याकाळी. माझ्या सेन्सरसाठी कुणीच काही केलेलं नव्हतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज, त्याला यूएसबी जोडून दिलेला सेन्सर, बाहेरून यूएसबीवरची ये-जा टिपणारे यूएसबीमॉन आणि वायरशार्क. दोन आठवडे पाकिटं बघत बसलो. शेवटी ठशाचं चित्र निघालं! पण सेन्सर टिकलीएवढा. लिबएफप्रिंटमधली जुळवणी एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या जुन्या पद्धतीने चालते: रेषा जिथे फुटतात किंवा संपतात ते बिंदू शोधायचे. मोठ्या ठशावर ते भरपूर सापडतात, टिकलीवर चार-पाच. माझंच बोट मला परकं. शेवटी तो सेन्सर बायोसमधून बंद केला. बायको म्हणाली, एवढ्या वेळात पासवर्ड किती वेळा टाइप झाला असता, मोजलंस का?

रिटायर्ड_ओव्हरसियर:
मंडळी, मी ६८ वर्षांचा. तुमच्या किल्ल्या आणि वह्या मला अर्ध्याच कळल्या. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा लागत नाही, तीन-तीनदा पुसून लावावा लागतो. भाच्याने मलाही टी४८० वर हेच करून दिलंय. उजवी बोटं घासलेली, म्हणून त्याने डावी अनामिका नोंदवली. ती दहातून नऊ वेळा लागते. पासवर्ड वहीत लिहून ठेवायचो, ते बंद झालं. मात्र लॉगिन झाल्यावर 'कीरिंग'साठी परत पासवर्ड मागतो. हे का?

पुणेरी_पिन:
काका, कीरिंग म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, ती तुमच्या पासवर्डनेच कुलूपबंद असते. ठशातून पासवर्ड निघत नाही, सेन्सर फक्त 'हो' म्हणतो. त्यामुळे ती एकदा तरी विचारणारच.

कर्नल_पॅनिक:
काका, तुमच्या बाबतीत मी माघार घेतो. वहीपेक्षा अनामिका बरी. टर्मिनलवेडांच्या बाबतीत नाही. निदान सुडोवरून तरी बोट काढा, स्क्रीन उघडण्यापुरतं ठेवा.

टर्मिनलवेडा:
सुडोवरून काढलं. पण तुमच्या धाकाने नाही. झाकण मिटवून बाहेरचा मॉनिटर लावला की सुडो बोटाची वाट बघत तीस सेकंद ताटकळतो, त्याचा वैताग आला होता.

रिटायर्ड_ओव्हरसियर:
लॅपटॉप झोपून उठला की माझी अनामिका कधी कधी लागत नाही. हे तुमच्याकडेही होतं का?

टर्मिनलवेडा:
होतं काका. पायथन-व्हॅलिडिटीची सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. भाच्याला मला व्यनि करायला सांगा, उठल्यावर आपोआप रीस्टार्ट होईल अशी फाईल पाठवतो.

कर्नल_पॅनिक:
ती फाईल इथेच टाका. सगळ्यांना वाचू दे, मलासुद्धा.