विषय: १७ सप्टेंबरचा नागरिकत्व सोहळा

सप्रेम नमस्कार मंडळी,
ऑस्ट्रेलियन नागरिकत्व दिनाच्या सोहळ्याचं यजमानपद घ्याल का, असं इथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, आपल्या मंडळाला विचारलंय. यंदा हा दिवस नेमका गणपतीत येतोय. त्याच हॉलमध्ये आधी आरती, मग शपथ, मग मोदक असं ठेवायचं का? सचिवताई सांगलीला गेल्यात, त्यांनीही कळवावं.
– एक जुना सभासद, मूळचा कराडचा

काका, नमस्कार.
यजमानपद जरूर घेऊ. आरती मात्र तिथे नको. सोहळ्याच्या सरकारी नियमावलीत धार्मिक, राजकीय किंवा जाहिरातीचं काही चालत नाही, आणि ते योग्यच आहे. शपथही दोन प्रकारची असते, एक ईश्वराला स्मरून आणि एक त्याशिवाय. त्या दिवशी शपथेला येणारे सगळे काही आपल्यातले नसणार. आपण खुर्च्या मांडू, दारात स्वागताला उभं राहू, चहा-फराळ देऊ. आरती संध्याकाळी आपल्या गणपतीपुढे करू, तिथेच आपल्या नव्या नागरिकांना ओवाळू.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यंदा मीही शपथ घेणार आहे. परवा बाबा द्राक्षबागेतून आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "तू तिकडची झाल्यावर सातबाऱ्यावर तुझं नाव लागंल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. शपथ मला पाठ आहे, पण हे माहीत नव्हतं. रात्री बसून वाचलं. शपथ घेतली की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट सरेंडर करायचा, मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डासाठी, अर्ज. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. सकाळी बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त मला बागेत घेऊन गेले आणि बांध कुठून कुठवर आहे ते दाखवलं.

असे आईबाप आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत. म्हणून शपथेच्या आधीच्या रविवारी तासभर बसून हे सगळं नव्यांना सांगू. गावाकडच्यांनाही व्हिडिओवर घेऊ.
– सचिव, मुक्काम सांगली

ताई, पटलं. आरतीचा हट्ट सोडला. रविवारी हॉल मी बघतो, ओवाळणीचं तबक आमच्या घरून येईल. बाबांना नमस्कार सांगा. येताना तासगावचे बेदाणे आणलेत तर इथे उतरताना सोबतच्या खाण्याच्या वस्तू नोंदवायचं जे कार्ड भरतात, त्यावर आठवणीने लिहा.
– काका