डिस्नेलँड पॅरिसच्या जंगलातल्या केबिन: सहा जणांना आणि सासूबाईंच्या गुडघ्याला जमेल का?

टिळकवाडीची_वहिनी

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहितेय. माझे धाकटे दीर जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहेत आणि मे महिन्यात आम्ही पाच जण त्यांच्याकडे जाणार, मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. दीर धरून सहा. मुलाला डिस्नेलँड पॅरिस दाखवायचं कबूल केलंय, आता मागं फिरता येत नाही.

दीर म्हणतात तिथं डिस्नेचंच डेव्ही क्रॉकेट रँच म्हणून रिसॉर्ट आहे, जंगलात लाकडी केबिन, एका केबिनमध्ये सहा जण झोपू शकतात, आत छोटं किचन, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं. पण पार्कपासून ८ किलोमीटर लांब आणि पार्कला न्यायला बस नाही, आपली गाडी पाहिजे. पार्कजवळच्या त्यांच्या स्वस्तातल्या हॉटेलांत साधारण खोली चौघांची असते म्हणजे आम्हाला दोन खोल्या, आणि दोन खोल्यांचा खर्च ऐकून सासरे म्हणाले मी घरीच बसतो तुम्ही जाऊन या. तसं होऊ द्यायचं नाहीये मला. सत्तर ओलांडलेत दोघं, परत युरोपला येणं होईल की नाही कुणाला माहीत.

मला भीती अशी की मागच्या वर्षी आम्ही इकडंच जंगलातल्या एका रिसॉर्टला लाकडी कॉटेज घेतलं होतं, फोटोत सुंदर, प्रत्यक्षात गीझर बंद, खिडकीला कडी नाही, रात्रभर सासूबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. 'बजेट' म्हटलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना एकावर एक बेडवर चढता येणार नाही. आणि सासरे बाहेरचं खात नाहीत, एकादशी असतेच. कोणी राहून आलं असेल तर खरं खरं सांगा.

निपाणीकर_म्युनिक

वहिनी, आम्ही दोन वर्षांपूर्वी राहिलो तिथं तीन रात्री, आई-बाबा निपाणीहून आले होते तेव्हा. तुमच्यासारखेच सहा जण, त्यात आमची चार वर्षांची पोर. मी सांगतो जसं होतं तसं.

आधी जागेचं. रँच म्हणजे खरोखरच जंगल आहे, डांबरी छोटे रस्ते, दोन्ही बाजूला झाडं आणि मध्ये मध्ये केबिन, प्रत्येकीच्या शेजारी आपली गाडी लावायची जागा आणि पुढ्यात लाकडी टेबल-बाकं. १९९२ साली पार्क सुरू झालं तेव्हापासूनच आहे हे. बाबा पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन त्या बाकावर बसले आणि म्हणाले बेळगावजवळच्या जांबोटीच्या जंगलात आल्यासारखं वाटतंय. आत गेलं की एक बेडरूम, त्यात डबल बेड, मग एकावर एक बंक, आणि हॉलमध्ये उघडून झोपायचा बेड. आईबाबांना डबल बेड दिला, मी आणि बायको हॉलमध्ये, भाऊ आणि पोर बंकवर. तुमच्या सासूबाईंना वर चढायची वेळच येणार नाही, दीर आणि मुलगा बंकवर, तुम्ही दोघं हॉलमध्ये. फक्त हॉलमधला बेड सकाळी आवरल्याशिवाय जेवायला बसायला जागा होत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे जो हॉलमध्ये झोपेल त्याला सगळ्यांत आधी उठावं लागतं.

पांघरूण, चादरी, टॉवेल मिळतात, हीटर असतो. मे महिन्यात रात्री तिकडं १० अंशांच्या आसपास जातंय आणि झाडीत थोडं जास्तच गार वाटतं, पण आत काही त्रास नाही झाला. आईला गरम पाणी आणि हीटर चालू आहे हे पहिल्या रात्री दाखवलं तेव्हा कुठं ती निवांत झोपली.

'बजेट' म्हणजे नेमकं काय कमी, तर माझ्या मते तीन-चार गोष्टी. लॉबी नाही, लिफ्ट नाही, खोलीत कोणी काही आणून देत नाही, सकाळचा नाश्ता हवा असेल तर तो वेगळा घ्यायचा आणि स्वतः जाऊन आणायचा. बाथरूम एकच, सहा जणांत एक, त्यामुळं सकाळी नंबर लावायचा. आणि आपली मंडळी विसरतात म्हणून सांगतो, जेट स्प्रे वगैरे नसतो, एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाकून न्या. बाकी पोहायला आतला गरम पाण्याचा तलाव आहे, घसरगुंडीसकट, तो फुकट, आमची पोर तिथून बाहेर यायला तयार नव्हती.

पार्क बघायला डिस्नेच्या हॉटेल-केबिनमध्ये राहणाऱ्यांना सकाळी बाकीच्यांच्या आधी साधारण तासभर आत सोडतात, सगळ्या राइड चालू नसतात पण ठराविक असतात, नऊ वर्षांच्या पोराला त्याचं फार सुख. बहुतेक पॅकेजात पार्कची तिकिटं धरलेली असतात त्यामुळं नुसतं खोलीचं भाडं समजून महाग वाटून घेऊ नका, बरोबरीनं हिशोब करा.

वडगावचा_राजू

मी थोडं उलट सांगतो, राग मानू नका. केबिन चांगल्या आहेत पण रोज दोन वेळा ८ किलोमीटर गाडी म्हणजे जाणं-येणं दिवसाला ३०-३२ किलोमीटर आणि प्रत्येक वेळी पार्किंगपासून गेटपर्यंत चालणं वेगळं, ते चालणं काही थोडं नाही. आम्ही दुपारी बायकोच्या आईला विश्रांतीला परत नेऊ म्हणून ठरवलं होतं, एकच दिवस नेलं, दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या नको, मी इथंच सावलीत बसते. जवळच्या हॉटेलातून बस असते, माणूस एकटा पण खोलीवर जाऊ शकतो. केबिनमध्ये ड्रायव्हर जाईल तेव्हाच सगळे जाणार.

आणि रात्रीचं बघा. मे महिन्यात तिकडं सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे किल्ल्यावरचा दिव्यांचा शो त्याच्याही नंतर. पोरगं तो शो बघितल्याशिवाय हलणार नाही. तो संपून गर्दीतून बाहेर पडून गाडी काढून जंगलात पोचेपर्यंत बारा वाजतात, आणि दिवसभर चाललेला माणूस गाडी चालवतोय. तुमच्यात एकटे दीरच चालवणार ना?

आणखी एक, श्टुटगार्टहून ६०० किलोमीटरच्या आसपास आहे, बेळगाव-मुंबईपेक्षा लांब, स्ट्रासबुर्गच्या पुढं फ्रान्सच्या हायवेला टोल, सहा जणांना सात सीटची गाडी भाड्यानं, पेट्रोल. ते सगळं केबिनच्या खर्चात मिळवा मग दोन खोल्यांशी तुलना करा. ट्रेननं गेलात तर श्टुटगार्ट ते पॅरिस सव्वातीन तासांच्या आत आहे, तिथून आरईआर ए लाइनची लोकल थेट पार्कच्या दारात सोडते. त्याच लाइनवर एक स्टेशन अलीकडं व्हाल द युरोपला किचन असलेली अपार्टमेंट हॉटेलं मिळतात. स्वयंपाक पण झाला आणि गाडी पण नको.

सुभाषनगर_अण्णा

बाळ, एवढ्या लांब जातासा ते बरंच हाय, पण किचन किचन म्हणून किती धावपळ? हैदराबादला रामोजी फिल्म सिटी हाय की, १९९६ पासनं, जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ म्हणून गिनेसमध्ये नाव हाय. तिथं पण आतच राहायची सोय, सितारा महागडं, तारा मधलं, आणि शांतिनिकेतन, सहारा म्हणून स्वस्तातलं. आम्ही बारा जण भजनी मंडळातले सहारामध्ये राहिलो होतो. शाकाहारी जेवण, आपली भाषा नाही पण जेवणाची चिंता नाही. म्हाताऱ्यांना आतल्या बसनं फिरवतेत. युरोपला पोराला न्या, आईबापांना हैदराबादला न्या, असं माझं मत.

खानापूरची_लेक

अण्णा तुमचं खरं आहे पण वहिनींचा मुद्दाच असा की सासू-सासऱ्यांना सोबत न्यायचंय. तोच मुद्दा महत्त्वाचा आहे हो.

वहिनी मी दुसऱ्याच एका थीम पार्कचा अनुभव सांगते, युरोपातलंच, नाव घेत नाही. तिथं सगळ्यांत स्वस्त म्हणून आम्ही लाकडी पिंपासारख्या गोल केबिन घेतल्या, फोटोत मुलांना फार आवडल्या. आत फक्त झोपायचं, संडास-बाथरूम बाहेर पन्नास-साठ पावलांवर सगळ्यांचं सामाईक. बुकिंग करताना खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. माझी आई रात्री दोनदा उठते. बाहेर रिमझिम पाऊस, पायात नवे बूट, मी तिच्याबरोबर छत्री धरून जायची आणि परत येताना तिचा हात गार पडलेला असायचा. दुसऱ्या रात्री तिनं संध्याकाळी सहानंतर पाणीच प्यायलं नाही. ते मला सकाळी कळलं आणि मी खूप रडले. आई काही बोलली नाही, पण मला अजून ते आठवतं.

म्हणून सांगते, केबिन म्हटलं की पहिला प्रश्न स्वस्त की महाग हा नाही, बाथरूम आत आहे की बाहेर हा. डेव्ही क्रॉकेटला आत आहे हे वरती लिहिलंयच, तेवढ्यावर मी तर ते निवडेन. गाडीचा त्रास घरातली धडधाकट माणसं सोसतील, बाथरूमचा त्रास म्हाताऱ्या माणसाला एकट्याला सोसावा लागतो.

टिळकवाडीची_वहिनी

ताई तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या सासूबाई पण तशाच, त्रास झाला तरी सांगणार नाहीत.

राजूदादा, तुमचं मिस्टरांना वाचून दाखवलं. मिस्टरांना इंटरनॅशनल परमिट काढायला सांगितलंय म्हणजे दीर एकटे पडणार नाहीत, पण उजव्या बाजूनं चालवायची सवय नाही त्यामुळं रात्री दीरच चालवणार. शो एकाच रात्री बघायचा असं मुलाला आत्ताच सांगून ठेवलंय. व्हाल द युरोपचं पण बघितलं, सहा जणांत एक अपार्टमेंट मिळत होतं पण आमच्या तारखांना नव्हतं, दोन घ्यावी लागत होती.

निपाणीकर दादा, आता मुख्य विचारते. स्वयंपाक नक्की किती होतो तिथं? आणि इथून काय काय आणू? सासूबाईंनी कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) आणि घरच्या तुपाची बरणी आत्ताच बाजूला काढून ठेवलीय.

निपाणीकर_म्युनिक

वहिनी कुंदा आणि तूप दोन्ही आणू नका! युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून सामानात दूध-दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकनचं काही आणायला बंदी आहे. एअरपोर्टवर सापडलं तर काढून टाकतात, माझ्या मावशीचा किलोभर कुंदा असाच गेला, खडे बाजारातून खास आणलेला, ती दोन दिवस हळहळत होती. आंबे पण नाही, बहुतेक ताज्या फळांना त्यांचं सर्टिफिकेट लागतं. सासूबाईंना हळूच सांगा, तूप जर्मनीत इंडियन दुकानात मिळतं, कुंद्याला मात्र इलाज नाही.

आणा ते कोरडं. भडंग, शेंगाची चटणी, मेतकूट, साबुदाणा, भगर, भाजणी, गोडा मसाला, भाजून ठेवलेला रवा. तांदूळ-डाळ श्टुटगार्टलाच घ्या, इथून वजन कशाला. कुकर न्यायचा तर सपाट बुडाचा स्टीलचा न्या, तिकडं गॅस नसतो विजेची शेगडी असते आणि इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तीन पिनचा प्लग तिकडं बसत नाही, अडॅप्टर घ्या.

आम्ही सकाळी मोठा कुकर भात-डाळीचा लावायचो, अर्धा खाऊन अर्धा फ्रिजमध्ये, रात्री आलो की मायक्रोवेव्ह. पार्कात न्यायला दशम्या आणि चटणी. आईनं पहिल्या दिवशी नेहमीसारखी खमंग फोडणी दिली, मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला, आई इतकी घाबरली की कढई तशीच धरून दारात जाऊन उभी राहिली. त्यानंतर आम्ही आधी दार-खिडकी उघडायचो, मग तेल तापवायचो. हे नक्की करा.

सगळ्यात मोठी चूक आमची म्हणजे सामान. आम्ही रविवारी निघालो आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला इतकी वर्षं राहून ठाऊक असताना आदल्या दिवशी भाजी-दूध भरलं नाही. रँचमध्ये छोटं दुकान आहे, दूध-ब्रेड-अंडी मिळतात, पण कोथिंबीर-मिरची कुठली. शनिवारीच सगळं भरून ठेवा.

आणि तारखा परत बघा. मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्या फार, १ मे, ८ मे, आणि असेन्शन या ख्रिश्चन सणाचा गुरुवार, त्याला जोडून लोक लांब सुट्टी टाकतात. त्या दिवसांत गर्दी म्हणजे अंगावर माणूस. आपल्याकडच्या शाळा जूनला लागतात त्यामुळं तुम्हाला मधले मंगळवार-बुधवार पकडता येतील, दरही त्या दिवसांत कमी दिसतात.

सासूबाईंसाठी पार्कात व्हीलचेअर भाड्यानं मिळते. आई आधी नको नको म्हणत होती, दुपारनंतर बसली.

वडगावचा_राजू

शनिवारच्या बाजाराचं बरोबर. मी माझं मत थोडं बदलतो, दोन ड्रायव्हर असतील आणि शो एकच रात्र असेल तर जमेल. फक्त बुकिंगला केबिन पोहण्याच्या तलावाच्या आणि दुकानाच्या जवळची मिळेल का विचारा, रँच पसरलेलं आहे आणि लांबची मिळाली तर दूध आणायला पण गाडी काढावी लागते.

टिळकवाडीची_वहिनी

दादा, ताई, अण्णा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री दीरांशी बोलले, मंगळवार ते शुक्रवार तीन रात्री केबिन धरलीय, जवळची द्या म्हणून लिहून पाठवलंय. सासऱ्यांना घरचं जेवण मिळणार म्हटल्यावर लगेच म्हणाले पासपोर्ट कुठं ठेवलाय बघ. कुंद्याचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगते. अण्णा, तुमच्याकडे रामोजीच्या सहाराचा फोन नंबर असेल तर मला मेसेज करा, दिवाळीत माहेरच्यांना घेऊन जायचा विचार आहे.