मदत हवी आहे: कर्णबधिर शिक्षकाला मुख्याध्यापक करण्यासाठी निवेदन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. माझी लेक रत्नागिरी जिल्ह्यातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत सहावीत आहे. यंदा मुख्याध्यापकपद रिकामं होतंय. सर्वांत ज्येष्ठ आणि पात्र शिक्षक स्वतः कर्णबधिर आहेत, पण संस्थेचा एकच सूर, "फोन कोण घेणार?" अहो, फोन कारकून घेईल! सर वर्गातला दिवा दोनदा चालू-बंद करतात की सगळ्या माना वर. भरती-ओहोटी त्यांनी नुसत्या हातांनी शिकवली. लेकीने तशीच घरी आजीला समजावली.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात विद्यार्थी हटून बसले, तेव्हा तिथे पहिला कर्णबधिर अध्यक्ष झाला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. अनुदानित संस्थेसाठी त्यातली कोणती कलमं निवेदनात घालावीत? सभेला सांकेतिक भाषेचा दुभाषा कसा मागावा? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा, सभा गणपतीआधीच आहे.